पकड तिघांची, गुण एकाचा

कबड्डीत सगळ्यात जास्त अन्याय कुठे होतो, असं कुणी विचारलं तर मी पंचांकडे बोट दाखवणार नाही. पंच चुकतात, आपण ओरडतो, हल्ली रिव्ह्यूही घेता येतो. माझं बोट स्कोअरशीटकडे जाईल. तिथं प्रत्येक सामन्यात, कुणाच्याही मनात काही वाईट नसताना अन्याय होतो आणि त्यावर रिव्ह्यू नाही.

एक साधी पकड घ्या. रेडर उजवीकडे झुकतो. कोपऱ्यातला गडी खाली बसून त्याचा घोटा धरतो. टीव्हीवर इथंच आरडाओरडा सुरू होतो, पण कबड्डी खेळलेल्या कुणालाही माहीत आहे की रेडर अजून जिवंत आहे. धरलेल्या पायासकट तो मध्यरेषेकडे झेप घेणार. निदानरेषेपासून मध्यरेषा पावणेचार मीटरवर. ताकदीच्या रेडरला एवढं अंतर म्हणजे एक उडी आणि एक लांबवलेला हात. त्याच क्षणी शेजारचा गडी छाती घालून त्याची वाट अडवतो, तिसरा कंबरेत हात घालून त्याला मागं खेचतो. रेडर खाली. शिट्टी. काम तिघांचं झालं. गुण संघाला मिळतो ते ठीकच, पण खेळाडूच्या खात्यावर तो चढतो एकाच नावावर. बहुतेक वेळा ज्यानं पहिला हात घातला त्याच्या.

उरलेले दोघं उठतात, माती झटकतात, आपापल्या जागी जातात. त्यांनी काय केलं याची नोंद जगात कुठेही राहत नाही.

आपण कबड्डीपटू निवडतो, त्यांची किंमत लावतो, त्यांना नोकरीच्या रांगेत उभं करतो, ते सगळं या एका नावाच्या रकान्यावर. हा रकाना अपुरा आहे. अपुऱ्या रकान्यावर पोरांची आयुष्यं ठरवणं बंद करायला हवं. हा लेख त्यासाठी आहे.

कव्हर नेमकं करतो काय

सात जणांच्या बचावात दोन टोकांना कोपरे असतात, त्यांच्या आत ‘इन’, मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. वर्तमानपत्रं कव्हरला मध्यरक्षक म्हणतात. मैदानावर सगळे कव्हरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

कव्हरचं पहिलं काम वाट बंद करणं. कोपरा मागून धरतो, कव्हर समोरून अडवतो. ही वेळ अर्ध्या सेकंदानं चुकली तर दोघंही बाद आणि समोरच्या संघाला दोन गुण. म्हणजे कोपऱ्याची पकड शूर ठरली की वेडेपणाची, हे बऱ्याचदा कव्हर कुठं उभा होता यावर ठरतं.

दुसरं काम साखळी सांभाळणं. हात धरून उभ्या असलेल्या दोघांत बोलणं होत नाही. बोटांवरचा दाब वाढला की समजायचं, आता जायचंय. दाब सैल झाला की थांबायचं. ही भाषा दोन माणसांत तयार व्हायला महिने लागतात.

तिसरं काम सगळ्यात अवघड. ते म्हणजे न जाणं. रेडर मुद्दाम पाठ दाखवतो, पाय रेंगाळत ठेवतो, ‘ये, धर मला’ म्हणून बोलावतो. कच्चा कव्हर झेपावतो आणि गुण देऊन बसतो. पक्का कव्हर अर्धं पाऊल पुढं सरकून परत मागं येतो. बघणाऱ्याला वाटतं काहीच घडलं नाही.

चौथं काम या तिसऱ्यातून येतं, आणि माझ्या मते सामने तिथंच जिंकले जातात. चढाई ३० सेकंदांची असते. बचाव फुटला नाही, बोनस मिळू दिला नाही, तर रेडर हात हलवत परत जातो. अशा दोन रिकाम्या चढाया लागोपाठ झाल्या की प्रो कबड्डीच्या नियमानं तिसरी ‘करो या मरो’. आता त्या रेडरला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. तो घाईत येतो, नको तिथं पाय टाकतो आणि सापडतो. टाळ्या त्या तिसऱ्या चढाईतल्या पकडीला पडतात. पण तो सापळा आधीच्या साठ सेकंदांत लावलेला असतो. त्या साठ सेकंदांचं श्रेय कुणाच्या खात्यात? कुणाच्याच नाही. बचावपटूच्या आकडेवारीत रिकामी चढाई म्हणजे शून्य.

आता लीगचं कुठलंही आकडेवारीचं पान मोबाइलवर उघडा. एकूण गुण, चढाईचे गुण, यशस्वी चढाया, सुपर रेड, सुपर टेन, पकडीचे गुण, यशस्वी पकडी, सुपर टॅकल, हाय फाइव्ह. याद्या भरपूर आहेत. ‘पकडीत साथ’ अशी यादी मी अजून पाहिलेली नाही. ‘हा खेळाडू मैदानात असताना किती चढाया रिकाम्या गेल्या’ अशीही नाही.

दहाव्या हंगामाकडे नीट बघा

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर २०२३-२४ चा प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. त्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये लावले. तोवरची लीगमधली सगळ्यात मोठी बोली. पवन किती मोठा रेडर आहे याबद्दल वाद नाहीच, आणि त्या हंगामातही त्यानं गुण आणले. पण संघ? २२ सामन्यांत दोन विजय, तक्त्यात शेवटचा नंबर.

त्याच हंगामात पुणेरी पलटण साखळीत पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. अंतिम सामन्यात दोन्ही संघांची बेरीज ५३. हा बचावाचा सामना होता, रेडरांच्या आतषबाजीचा नव्हता. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार आमच्या नगर जिल्ह्याचा. हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, आणि गंमत म्हणजे चढाईच्या यादीत तो पहिला नव्हता. चढाईत पहिला होता दिल्लीचा आशू मलिक, २७६ गुणांसह. पकडीत पहिला होता पलटणचाच इराणी डावा कोपरा मोहम्मदरेझा शादलू, ९९ गुणांसह.

इथं कुणी म्हणेल, शादलूला तर २ कोटी ३५ लाख मिळाले, मग बचावपटूंवर अन्याय कसला? प्रश्न बरोबर आहे. शादलूला मिळाले कारण तो कोपरा आहे, पहिला हात त्याचा असतो आणि ९९ हा आकडा छापता येतो. तो प्रत्येक रुपयाला लायक आहे. पण त्याच बचावात संकेत सावंत डावा कव्हर होता आणि अबिनेश नादराजन उजवा. शादलू जिवावर उदार होऊन उडी मारायचा, कारण आपल्या आतल्या बाजूला कोण उभं आहे हे त्याला माहीत होतं. ते दोघं खमके नसते तर त्या ९९ मधल्या किती पकडी ‘अयशस्वी’ रकान्यात गेल्या असत्या? हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण कुणी मोजलंच नाही. माझी तक्रार शादलूच्या पैशांबद्दल नाही. ही मोजदाद झालीच नाही याबद्दल आहे.

याची किंमत कोण देतं

लीगमधल्या कव्हरला निदान जर्सी आहे, मानधन आहे. खरी किंमत चुकते खाली, तालुक्यात.

मी राळेगणसिद्धीचा. आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण इंजिनिअरिंगला जाईपर्यंत गावाच्या संघात उजवा कोपरा खेळायचो. पारनेर तालुक्यातल्या जत्रांमधल्या स्पर्धा, मातीचं मैदान, हॅलोजनचा उजेड, लाउडस्पीकरवरून ‘चढाई करतोय अमुक गावचा ढाण्या वाघ’ असं ओरडणारा निवेदक. शेवटी बक्षिसं ठरलेली: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू. उत्कृष्ट पकडीच्या दोन ट्रॉफ्या आमच्या घरी टीव्हीच्या बाजूला आहेत. त्या दोन्ही स्पर्धांत माझ्या आतल्या बाजूला एकच कव्हर होता. त्याच्या घरी एकही ट्रॉफी नाही. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही.

मी घोटा धरायचो आणि डोळे मिटायचो. पुढचं तो बघायचा. सहा वर्षांत तो उशिरा आला असं मला दोनदाही आठवत नाही.

तो तीन वेगवेगळ्या निवड चाचण्यांना गेला. चाचणीत काय होतं ते सांगतो. आधी वजन, उंची, थोडी धावाधाव. मग नंबर चिकटवून, कधी न पाहिलेल्या सहा पोरांसोबत उभं करायचं आणि दहा-बारा मिनिटं खेळवायचं. रेडरसाठी हे ठीक आहे. तो एकटाच जातो, एकटाच दिसतो. कोपऱ्यालाही जमतं, दोन घोटे धरले की झालं. कव्हरनं काय दाखवायचं? ज्याच्या बोटांचा दाब त्याला ओळखीचा नाही, ज्याची सवय ठाऊक नाही, त्याच्यासोबत तो साखळी दाखवणार कशी? आणि तो चांगला कव्हर असेल तर निम्म्या चढायांत तो काहीच करणार नाही, कारण तेच बरोबर असतं. वही घेऊन बसलेल्या माणसाला दिसतो एक पोरगा जो नुसता उभा होता.

तिसऱ्या चाचणीच्या आधी तो म्हणाला होता, “या खेपेला मी पण उड्या मारतो.” मारल्या. दोन लागल्या, चार फसल्या. निवड झाली नाही. मला राग निवड न झाल्याचा नाही. चांगल्या खेळाडूला वाईट खेळ करून दाखवायला भाग पाडणाऱ्या त्या पद्धतीचा आहे. आणि हे एकट्याचं नाही. पोरं हुशार असतात, काय मोजलं जातं ते त्यांना लगेच कळतं. दोन मिनिटांच्या रीलमध्ये काय दिसतं तेही कळतं. त्यामुळे आज कुठल्याही तालमीत जा, प्रत्येकाला कोपरा व्हायचंय नाहीतर रेडर. कव्हरला उभा राहतो ज्याला दुसरी जागा मिळाली नाही तो.

यात फक्त हौसेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराला ते पाठ असतं. पण त्यासाठी ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात जागा लागते आणि त्या जागेच्या दारात ही बारा मिनिटांची चाचणी बसलेली आहे. माझा कव्हर आज सुपा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. काम वाईट नाही, तो तक्रारही करत नाही. पण मैदानावर त्याच्या निम्म्या अकलेची माणसं प्रमाणपत्रं घेऊन पुढं गेलेली त्यानं पाहिली आहेत आणि मीही पाहिली आहेत.

अमेरिकेत हाच प्रश्न होता

आता जरा लांबची गोष्ट. टेलर स्विफ्टमुळे ट्रॅव्हिस केल्सी हे नाव आपल्या फीडमध्येही येऊन गेलं. तो अमेरिकन फुटबॉल खेळतो, चेंडू झेलतो, कॅमेरा त्याच्यावर असतो. त्याचा थोरला भाऊ जेसन केल्सी. तोही खेळायचा, पण ‘ऑफेन्सिव्ह लाइन’मध्ये.

या लाइनमध्ये पाच धिप्पाड गडी असतात. मागे क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभा असतो, त्याच्यावर समोरचे तुटून पडतात आणि हे पाच जण आपल्या अंगानं भिंत उभी करतात. चेंडूला त्यांचा हात जवळजवळ लागतच नाही. मधला गडी तो मागे देतो, तेवढाच. त्यांच्या नावावर गुण चढत नाहीत. निवेदक त्यांचं नाव घेतो ते बहुतेक चूक झाल्यावर. थोडक्यात, आपले कव्हर.

तिथं कॉलेजमधून व्यावसायिक संघांत खेळाडू घेण्याची जी वार्षिक निवड असते तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या सात फेऱ्या असतात, आणि आधीच्या हंगामात सगळ्यात मागे राहिलेला संघ पहिली निवड करतो. निवडीआधी चाचणी असते: ४० यार्ड धावणं, १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते बघणं. लाइनमधला गडी सामन्यात ४० यार्ड सरळ क्वचितच धावतो. तरी मोजतात, कारण मोजायला सोपं. जेसन केल्सी या मापात हलका होता. २०११ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर फिलाडेल्फियानं त्याला घेतलं. पुढची तेरा वर्षं तो तिथंच खेळला, त्याच्या संघानं सुपर बोल जिंकला आणि आपल्या जागेवरचा देशातला सर्वोत्तम म्हणून त्याची सहा वेळा निवड झाली. म्हणजे चुका तेही करतात, भरपूर करतात.

पण तिथं एक गोष्ट झाली जी आपल्याकडे झालेली नाही. या लोकांचं काम दिसत नाही हे मान्य करून ते बघायची वेगळी पद्धत त्यांनी उभी केली. सामन्याचं चित्रण पुन्हा लावून, चेंडूकडे न बघता, प्रत्येक डावात प्रत्येक खेळाडूला गुण देणाऱ्या कंपन्या तिथं आहेत. चांगलं केलं तर अधिक, हुकला तर उणे, नेहमीचं काम केलं तर शून्य. ज्याला एकही गुण मिळवायचा नाही अशा माणसाचं मूल्यमापन करायचं असेल तर त्याच्याकडे बघावं लागतं, एवढी साधी गोष्ट.

तिथलाच जो थॉमस. २००७ मध्ये तिसऱ्याच क्रमांकावर निवडला गेलेला लाइनमन. क्लीव्हलंडकडून तो सलग १०,३६३ डाव खेळला, एकही न चुकवता. त्याच्या कारकिर्दीत त्याचा संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही. तरी २०२३ मध्ये त्याला तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. १०,३६३ हा आकडा आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी तो मोजत बसलं होतं. हरणाऱ्या संघातल्या, एकही गुण न करणाऱ्या माणसासाठी.

‘पण’ म्हणणाऱ्यांसाठी

पहिला पण: बाजार बरोबर किंमत लावतो, चांगला असेल तर कुणीतरी घेईलच. बाजार त्याच्या समोर ठेवलेल्या आकड्यांवर किंमत लावतो. कांद्याच्या लिलावात ट्रॉलीच्या वरचा थर बघून बोली लागते, हे आमच्या भागात शेंबड्या पोराला कळतं. म्हणून तर व्यापारी खालपर्यंत हात घालून बघतो. कबड्डीत खालपर्यंत हात घालायची सोयच नाही.

दुसरा पण: साथ मोजणार कशी, ते तर बघणाऱ्याच्या मतावर. घोट्याला पहिला हात कुणाचा लागला, हेही कुणीतरी डोळ्यांनीच ठरवतं. शिवाय या देशात आपण सगळे एक स्कोअरकार्ड लहानपणापासून वाचत आलोय: झे. अमका गो. तमका. विकेट एक, नावं दोन. गोलंदाजाचं आणि झेल घेणाऱ्याचं. क्रिकेटला हे जमतं. बास्केटबॉल आणि फुटबॉल पास देणाऱ्याची नोंद ठेवतात. एका पकडीसमोर दुसरं नाव लिहायला कबड्डीलाच कसली अडचण आहे?

तिसरा पण: मातीवरच्या पोरांना मॅटवर जमत नाही. काहींना नाही जमत. बूट घालून मॅटवर पाय वेगळा पडतो, हे खरं. पण थांबायचं कधी, शेजाऱ्याच्या हालचालीवरून निघायचं कधी, हे माती आणि मॅट बघून बदलत नाही. पाय सहा महिन्यांत शिकवता येतात. ज्याला वेळ कळते त्याला पाय शिकवा. उलटं करणं फार अवघड आहे.

चौथा पण माझ्याच ऑफिसमधल्या मित्राचा: “बघणाऱ्यांना रेडरच आवडतात, धंदा त्यांच्यावर चालतो.” चालू दे. पोस्टरवर रेडर लावा, रील रेडरचे काढा. मी पोस्टरबद्दल बोलतच नाही. निवड समितीच्या टेबलावरचा कागद हा पोस्टरसारखा असू नये, एवढंच म्हणणं आहे. आमच्या धंद्यातही रात्री पडलेला सर्व्हर उभा करणाऱ्याचं कौतुक होतं आणि जो तो पडूच देत नाही त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पण निदान तिथं लॉग असतात. कुणाला बघायचंच असेल तर कोणत्या बदलानं काय वाचलं ते शोधता येतं. कबड्डीत लॉगच नाही.

आमच्या गावाचा पकड गुण

राळेगणसिद्धीचं नाव काढलं की पाहुण्यांना दोन गोष्टी आठवतात: पाणी आणि अण्णा हजारे. १९७५ मध्ये अण्णा सैन्यातून गावी परतले, यादवबाबांच्या मंदिरापासून काम सुरू झालं, मग श्रमदान, नालाबांध, पाझर तलाव, चर. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. वर डोंगरउतारावर पाणी अडवायचं, जिरवायचं, मग ते खाली विहिरीत दिसतं. बघायला येणारे विहिरीत डोकावतात आणि फोटो काढतात. वरच्या चरापाशी कुणी फोटो काढत नाही. तिथं बघण्यासारखं काही नसतंच. एक खड्डा, थोडं गवत.

आणि गावाची गोष्ट सांगतानाही आपण तेच करतो. सगळं श्रेय एका नावावर. अण्णांचं काम मोठं आहे, पहिला हात त्यांचाच होता, ते कुणी नाकारत नाही. पण कुदळ-फावडं घेऊन चर खणायला गेलेली माणसं माझ्या आजोबांच्या पिढीतली शेकडो होती. त्यांची नावं कुठल्या लेखात येतात? स्कोअरशीट आपण सगळीकडे एकच वापरतो.

या गावाची आणखी एक गोष्ट मात्र उलटी आहे. इथली शाळा महाराष्ट्रात ‘नापासांची शाळा’ म्हणून ओळखली गेली, कारण इतरांनी नापास म्हणून नाकारलेल्या पोरांना इथं प्रवेश मिळायचा. त्यामागचा विचार साधा होता: ज्या मापानं पोरगं नापास झालं ते माप एकदा तपासून बघू. पोरगं तेच, माप वेगळं, निकाल वेगळा. कबड्डीच्या निवड समित्यांकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

मागण्या

पहिली, लीगकडे. प्रत्येक यशस्वी पकडीसमोर साथ देणाऱ्याचं नाव नोंदवा आणि ती यादी जाहीर करा. तुमच्याकडे प्रत्येक सामन्याचं अनेक कोनांतून चित्रण आहे, रिव्ह्यूसाठी तुम्ही ते वापरताच.

दुसरी, त्यांच्याकडेच. खेळाडू मैदानात असताना प्रतिस्पर्ध्याच्या किती चढाया रिकाम्या गेल्या आणि तो बाहेर असताना किती, हे दोन आकडे द्या. कोण कधी बाद होतं आणि कधी परत येतं याची नोंद तुम्ही ठेवताच. हा हिशेब संगणकाला काही मिनिटांचा आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, रोज याहून कंटाळवाणे हिशेब मी करतो.

तिसरी, जिल्हा आणि राज्य पातळीवर निवड करणाऱ्यांकडे. बचावपटूची चाचणी अनोळखी सहा जणांत घेऊ नका. त्याला त्याच्या संघासोबत खेळताना दोन पूर्ण सामने बघा. शक्य नसेल तर निदान कोपरा-कव्हर जोडीनं बोलवा. भिंतीतली एक वीट काढून तिची ताकद बघण्यात काय अर्थ आहे?

चौथी, वाचणाऱ्या तुमच्याकडे. पुढचा सामना मोबाइलवर लावाल तेव्हा लागोपाठ पाच चढाया रेडरकडे बघू नका. एक कव्हर निवडा आणि फक्त त्याचे पाय बघा. तो कधी सरकतो, कधी थांबतो, कुणाकडे बघतो. कॅमेरा तुम्हाला मदत करणार नाही, तो रेडरच्या मागे पळेल. तरी बघा. पाच चढायांनंतर तुम्हाला सामना वेगळा दिसायला लागेल, आणि पुढच्या लिलावात करोडोंची बोली लागताना तुम्ही विचाराल की याच्या शेजारी कोण उभा होता.

पाचवी, गावोगावच्या मंडळांकडे, माझ्या स्वतःच्या मंडळासकट. वर्गणीचा फोन आला की मी पैसे पाठवतो, याही वर्षी पाठवीन. अट एक आहे. बक्षिसांच्या यादीत ‘उत्कृष्ट साथ’ हवं आणि त्याची रक्कम उत्कृष्ट पकडीएवढीच हवी. त्यासाठी मैदानाच्या कडेला वही घेऊन एक पोरगं बसवावं लागेल. ती वही मी छापून देतो. पकडीसमोर दोन नावांची जागा ठेवून.